ठकूला पाणी

गोदावरीबाईंची कादंबरी पाडव्याला बाहेर आली आणि भाद्रपद लागेपर्यंत ओळखीपाळखीतल्या सगळ्यांची वाचून झाली. राहिला होता एकच माणूस, आणि तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच पंख्याखाली झोपत होता.

या माणसाचं नाव ढुंढिराज. गोदावरीबाईंचा नवरा. नाशिकच्या रामकुंडावर पिढीजात उपाध्येपण. कुठल्या गावच्या कुठल्या घरातला पणजोबा कोण, हे जुन्या चोपड्यात बोट फिरवून सांगणारा आणि पंचांगात चूक सापडली तर छापणाऱ्याला पत्र टाकणारा माणूस. वाचनाचा कंटाळा म्हणावं तर तसंही नाही. वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा ते सोडत नसत. सोडलं होतं ते फक्त बायकोचं पुस्तक.

गोदावरीबाईंनी छत्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. रिटायर झाल्या त्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी कपाटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर वही उघडली. सहा वर्षं लागली. ‘मोसमचे दोन काठ’, पानं तीनशे चाळीस. विषम प्रकरणांत १९१८ सालचं मोसम नदीकाठचं नामपूर, मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आणि ठकू. ही ठकू नवऱ्याने टाकलेली, माहेरी परत आलेली. साथीत घरातल्या एकेकाला तिनं सेवा करून उठवून बसवलं, आणि ती स्वतः पडली तेव्हा त्याच घरानं तिला शिवारातल्या झोपडीत नेऊन ठेवलं. ती तिथेच गेली. सम प्रकरणांत २०२० सालची साथ, आणि सातपूरच्या कंपनीत कामाला असलेली तेजल. ठकूच्या भावाची ही खापरपणती, घरात कुणी कधी न उच्चारलेल्या या नावाचा माग काढत जाते.

वाचकांचं म्हणाल, तर ज्यानं त्यानं आपापलं पुस्तक वाचलं. शेजारच्या लताबाईंनी फक्त विषम प्रकरणं वाचली आणि तसं तोंडावर सांगितलं. “तुमची तेजल मला नको बाई. मोबाइलवर बोलणारी एक घरात आहे, तेवढी पुरे.” सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या निवृत्ती नावाच्या वाचकाचं पोस्टकार्ड आलं. ते कंपनीच्या बसमध्ये वाचत, जाताना तेजल आणि येताना ठकू. ‘उलट करून पाहिलं, पण ठकू वाचून मशिनवर उभं राहवत नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं. सुरगाण्याच्या एका शिक्षकांचं चार पानी पत्र आलं. त्यात साडेतीन पानं एवढंच होतं, की आपण पान साठवर श्रावणात नागलीची कापणी दाखवली आहे, श्रावणात आमच्याकडे जेमतेम लावणी उरकते, कृपया खात्री करावी. उरलेल्या अर्ध्या पानात कादंबरी उत्तम असल्याचं कळवलं होतं.

नामपूरहून तर एका गृहस्थांचा फोनच आला. “ताई, ती ठकू आमनी शे!” बाईंनी परोपरीनं सांगितलं, की अहो, ती तुमची कशी असेल, ती मी मनानं रचली आहे. गृहस्थ ऐकेनात. “मंग आमना आजाना स्वभाव तुमले कसा माहीत?” पोस्टात छत्तीस वर्षं लोकांची समजूत घातलेल्या बाईंनी शेवटी त्यांच्या आजाची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि फोन ठेवला.

सगळ्यांत कडी केली ती सातपूरच्या वाचनालयानं. तिथल्या एका कॉलनीत विहाराशेजारच्या खोलीत धम्मपाल नावाचे बँकेतले क्लार्क पुस्तकं देण्याघेण्याचं काम हौसेनं करतात. त्यांनी कादंबरीवर चर्चा ठेवली. बावीस माणसं आली आणि ठकूच्या भावाचं चुकलं की नाही यावरून दोन तट पडले. साथ होती, लहान पोरं होती घरात, तो तरी काय करणार, असं एका तटाचं म्हणणं. मग सिव्हिलमध्ये नर्स असलेली एक मुलगी उठून उभी राहिली. “कोविडमध्ये माझा काका माझ्या आजीला बघायला आला नाही. त्याला मी माफ केलंय. ठकूच्या भावाला नाही करणार,” असं म्हणून ती खाली बसली. चर्चा तिथेच संपली आणि गार झालेली भजी सगळ्यांनी खाल्ली.

हे सगळं गोदावरीबाई रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ढुंढिराजांना वाचून दाखवत, सांगत. एकही पत्र, एकही फोन त्यांनी वगळला नाही. ढुंढिराज ऐकून घेत आणि म्हणत, “हं.”

“तुम्ही कधी वाचणार?” असं बाईंनी पाडव्याला विचारलं होतं. “चैत्र जाऊ दे,” ते म्हणाले. वैशाखात मुंजी निघाल्या. नंतर अधूनमधून बाई नुसत्या त्या पुस्तकाकडे बघत. ते ढुंढिराजांच्या टेबलावर पंचांगाखाली पडून होतं, कोरं, पानांना अजून छापखान्याचा वास असलेलं. आपण होऊन दुसऱ्यांदा विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण जीव त्यातच अडकून पडला.

त्यांना लागलं होतं ते हेच. एक्केचाळीस वर्षं या माणसाशी संसार केला. परक्यांच्या मेलेल्या माणसांची नावं त्याला तोंडपाठ. कोण कुठल्या तिथीला गेलं, मागे कोण राहिलं, सगळं ठाऊक. आणि आपण सहा वर्षं जिच्यासाठी पाठ मोडून घेतली, त्या एका बाईची ओळख करून घ्यावी असं त्याला वाटू नये? राग असा नव्हता. वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात दोघीजणी उभ्या. एक सत्तरीची, हिरवं लुगडं नेसलेली, लिफ्टची सवय नसल्यामुळे भिंत धरून उभी असलेली. दुसरी तिची सून, पिशवीतून ‘मोसमचे दोन काठ’ डोकावत असलेली.

“बुकवाल्या बाई तुमीच का?” म्हातारीनं विचारलं.

ती विठाबाई. निफाडकडची. लिहिता-वाचता येत नव्हतं. उन्हाळ्यात कांदाचाळीतले कांदे निवडता निवडता सून पल्लवीनं तिला सगळी कादंबरी वाचून दाखवली होती. रामकुंडावर चौकशी करत करत दोघी घरापर्यंत आल्या होत्या. गोदावरीबाईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. विठाबाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“मला ठकूला पाणी द्यायचं हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे पाणी. तीळ घालून देत्यात ते. ती तिकडं झोपडीत एकलीच मेली. ना नवरा, ना लेकरू, भावानं बी कधी नाव घेतलं नाय. तिला कोण देणार? पल्लवीनं वाचलं तवापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाय.”

गोदावरीबाईंना आधी हसू आलं, मग ते ओसरलं. त्यांनी विठाबाईंचा हात हातात घेतला. “अहो, ती खरी नाही. मी मनानं लिहिलीय ती. अशी कुणी बाई झालीच नाही.”

“आत्या, मी सांगितलं होतं तुम्हाला,” पल्लवी हळूच म्हणाली.

“सांगितलं की. मी कुठं नाय म्हनते?” विठाबाई जराही डगमगल्या नाहीत. “माझी आजेसासू मी कुठं पाहिली व्हती? फोटू बी नाय तिचा. लोकांनी सांगितलं ती अशी व्हती, तशी व्हती. तिला मी पन्नास वरीस घास टाकते. ही तर मला तिच्यापरीस जास्त माहीत झाली.”

नेमके तेव्हाच ढुंढिराज घाटावरून परतले. पायातली चप्पल काढता काढता त्यांनी शेवटचं बोलणं ऐकलं होतं. पितृपक्षाचे पंधरा दिवस पाण्यात बसून त्यांचे पाय पांढरे पडले होते. गोदावरीबाईंनी घाईघाईनं सगळा प्रकार सांगितला, तुम्हीच आता यांची समजूत घाला, अशा सुरात.

ढुंढिराजांनी विठाबाईंकडे पाहिलं, पल्लवीच्या पिशवीकडे पाहिलं. “उद्या सर्वपित्री आहे,” ते म्हणाले. “सकाळी सातला या. काही आणू नका. तीळ मी देईन.”

विठाबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि रात्री नाशिकरोडला भाचीकडे उतरतो, असं सांगून दोघी गेल्या.

दार लागताच गोदावरीबाईंचं इतके दिवस दाबून ठेवलेलं दुखणं संताप होऊन वर आलं. “अहो, कादंबरीतल्या बाईचं तर्पण करायला निघालात?”

“यजमानाची श्रद्धा आहे. मी कोण नाही म्हणणारा?”

“आणि जिचं करायचं ती कोण, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?”

ढुंढिराज मोरीकडे निघाले होते, ते थांबले. काहीतरी बोलतील असं वाटलं. “उद्या त्या सांगतीलच की,” एवढं म्हणून ते पाय धुवायला गेले.

सांगतीलच की! बाईंच्या डोळ्यांसमोर उद्याचा देखावा उभा राहिला. विठाबाई विचारणार, हे अडखळणार, आणि लेखिकेच्या नवऱ्यानंच पुस्तक उघडलेलं नाही हे त्या भोळ्या बाईला रामकुंडावर कळणार. शिवाय त्या गर्दीत हे ठकूचं नाव घाईघाईत पुटपुटून मोकळे होतील, सकाळपासूनच्या शंभर नावांतलं एक. ते बाईंना सहन होणार नव्हतं. उद्या आपणही जायचं, असं त्यांनी ठरवलं. एक्केचाळीस वर्षांत त्या नवऱ्याच्या कामाच्या जागी कामाच्या वेळी कधी गेल्या नव्हत्या.

सकाळी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. पूर ओसरून आठवडा झाला होता, पायऱ्यांवरचा गाळ महापालिकेच्या माणसांनी मोटार लावून धुतला होता. एकेका छत्रीखाली माणसं बसलेली, पुढ्यात केळीची पानं, तांबे, कणकेचे गोळे. ढुंढिराज आपल्या नेहमीच्या जागी होते. बाई आलेल्या पाहून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. विठाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, पल्लवी मागे उभी.

“बायकांनी केलेलं चालतं ना वं?” विठाबाईंनी विचारलं.

“ज्याला कळवळा आहे त्यानं करावं,” ढुंढिराज म्हणाले. त्यांनी तीळ पुढे केले. “नाव?”

“ठकू.”

“तिथी?”

विठाबाईंनी पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं पुस्तक काढून खुणेचं पान उघडलं. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, असं आहे.”

“नवमी,” ढुंढिराज म्हणाले. “पण रविवार नव्हे. त्या साली दसरा मंगळवारी होता. आदला दिवस सोमवार. लेखिकेची चूक झालीय.”

गोदावरीबाई चमकल्या. त्या साली? साल तर कुणी सांगितलंच नव्हतं! पण मग त्यांनीच स्वतःला आवरलं. १९१८ हे साल दहा पत्रांत आलं होतं, आपणच नव्हतं का वाचून दाखवलं? एकदा साल कळल्यावर दसऱ्याचा वार काढणं या माणसाला काय कठीण?

“गोत्र?”

आता मात्र विठाबाईंनी थेट गोदावरीबाईंकडेच पाहिलं. बाई गडबडल्या. तीनशे चाळीस पानांत ठकूच्या पातळाचा रंग होता, तिच्या हातचं चिंचेचं सार होतं, पण गोत्राचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

“लग्न झालेली बाई, म्हणजे खरं तर नवऱ्याचं लागतं,” ढुंढिराज तिळाची वाटी सारखी करत म्हणाले. “पण ज्यानं टाकलं त्याचं कशाला द्यायचं? आणि माहेरानं झोपडीत ठेवलं, त्यांचंही नको. ज्याचं ठाऊक नसतं त्याचं काश्यप धरतात. काश्यप म्हणा.”

हेही पत्रांतलंच, बाईंनी मनाशी म्हटलं. टाकलेली आहे, झोपडीत गेली, हे ऐकून ऐकून भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. तरीपण आता त्या एका पायावर उभ्या होत्या.

तर्पण सुरू झालं. ढुंढिराजांनी शब्द मराठीतच सांगितले, आणि पुटपुटले नाहीत. “काश्यप गोत्राची ठकू, तिला हे पाणी पोचो.” विठाबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घेतले, आणि अंगठ्याच्या बाजूनं धार सोडली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी त्या नदीकडे बघत म्हणाल्या, “घे माय. तवा तुला कुनी घोटभर पाणी बी नाय दिलं.”

“दिलं होतं,” ढुंढिराज म्हणाले.

विठाबाईंनी मान वर केली. ढुंढिराज उठले होते. त्यांनी आपला तांब्या कुंडात बुडवून भरला, खाली येऊन बसले, आणि स्वतःच्या ओंजळीत तीळ घेतले. “काश्यप गोत्राचा काळू,” ते म्हणाले. “त्याला हे पाणी पोचो.”

गोदावरीबाई गर्दीतून पुढे सरकल्या.

काळू पान दोनशे चौदावर होता. एका वाक्यात. ‘रोज पहाटे म्हातारा काळू झोपडीच्या दाराशी मडकं भरून ठेवून जाई; सातव्या दिवशी उजाडलं तेव्हा मडकं कोरडं होतं आणि काळू आला नव्हता.’ बस्स. पुढे नाही, मागे नाही. छापायच्या आधी संपादक म्हणाले होते, हा कोण मध्येच, काढून टाका. बाईंनी हट्टानं तो ठेवला होता, का ते त्यांनाही नीट सांगता आलं नव्हतं. आणि सहा महिन्यांत त्याच्याबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. चार पानं लिहिणाऱ्या सुरगाण्याच्या शिक्षकांनी नाही, वाचनालयातल्या बावीस जणांनी नाही, निवृत्तींनी नाही, ठकू आमनी शे म्हणणाऱ्यानंही नाही. कुठल्याही पत्रात काळू नव्हता.

ढुंढिराजांनी तीनदा पाणी सोडलं, सावकाश, मागे माणसं ताटकळत असताना. मग विठाबाईंना म्हणाले, “तो रोज तिला पाणी देऊन जायचा. सातव्या दिवशी तोही गेला. बाईंनी तसं लिहिलेलं नाही, पण कळतं ते. त्याच्या मागे तरी कोण होतं?”

“आगं बया,” विठाबाई म्हणाल्या, “त्याचं माझ्या ध्यानातच नाय राहिलं,” आणि पदर डोळ्यांना लावला.

पल्लवी पानं उलटून ते वाक्य शोधू लागली. गोदावरीबाईंना समोरचं काही नीट दिसत नव्हतं. छत्र्या, माणसं, नदी, सगळं एकात एक मिसळलं होतं. इतका आनंद आपल्याला पुस्तक छापून हातात आलं तेव्हाही झाला नव्हता, असं त्यांना स्पष्ट वाटलं. त्या ओल्या पायरीवर नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. साडी भिजली तर भिजली.

“कधी वाचलंत?”

“इथेच. ज्येष्ठात दुपारी कुणी फिरकत नाही. मेन रोडवरून एक प्रत आणली. तीनदा झालं वाचून.”

“आणि मला सांगायचं नाही? घरातलं पुस्तक तसंच कोरं पडलंय, मी रोज बघते!”

“घरी वाचायला घेतलं असतं तर तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस,” ढुंढिराज म्हणाले. मग त्यांनी तिळाची वाटी उगाचच इकडची तिकडे ठेवली. “सांगणार होतो. पण रोज संध्याकाळी तू लोकांची पत्रं वाचून दाखवायचीस. काय एकेक छान लिहितात लोक! मला तसं बोलता येत नाही, गोदा. मला हे एवढंच येतं.”

त्यांनी तांब्यात उरलेलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं आणि त्यावर चिमूटभर तीळ टाकले.

“काळूचं नाव घे,” ते म्हणाले. “आणि नीट घे, मागे माणसं खोळंबलीत.”